किनाऱ्यावरून शार्क पकडायचाय? मग आधी सोडायला शिका

नवीन माणूस आला की पहिला प्रश्न ठरलेला, रील कुठली घेऊ? आणि मी उलटा विचारतो, गळ कशाने काढणार? की समोरचा गप्प. कारण खरं सांगू का, शार्क गळाला लागणं एवढं काही अवघड नाहीये, बरोबर जागी ताज्या माशाचा तुकडा पडला आणि धीर धरला तर आज ना उद्या लागतोच. खरी फजिती होते ती शेवटच्या पाच मिनिटांत, म्हणजे चार फुटांचं जनावर पायाशी लाटेत वळवळतंय, तोंडात गळ आहे, अंधार आहे, आणि आपल्या हातात काय तर मोबाईल.

माझ्या पहिल्या शार्कला अगदी हेच झालं. गळ कापायचा कटर बॅगेत, बॅग चाळीस पावलं वर कोरड्या वाळूत, आणि मी एकटा. रॉड टाकू की शार्क धरू तेच कळेना, शेवटी लीडर, म्हणजे लाइनच्या टोकाचा गळाला जोडलेला जाड भाग, जिथे हाताला आला तिथे चाकूने कापला आणि तो बिचारा तोंडातून मीटर-दीड मीटर नायलॉन लोंबवत निघून गेला. आता ती एवढी लांब दोरी कुठेतरी खडकात अडकणार हे तेव्हाच कळत होतं, पण करणार काय. त्या रात्री परत गळ टाकायची इच्छाच झाली नाही. म्हणून या लेखात क्रम थोडा उलटा आहे, आधी सोडायचं सामान आणि मग पकडायचं.

अजून एक, हे सगळं चार-पाच फुटांपर्यंतच्या शार्कबद्दल आहे. १९६४ साली वॉल्टर मॅक्सवेलने साउथ कॅरोलायनात १७८० पौंडांचा, म्हणजे ८०० किलोच्या वरचा टायगर शार्क रॉडवर पकडला होता, त्याची गोष्ट वाचून डोकं फिरतं हे मान्य, पण ते पियरवरून, म्हणजे समुद्रात आत गेलेल्या धक्क्यावरून होतं, आणि तो माणूस काही त्या वर्षी मासेमारी शिकत नव्हता. आपण लहानापासून सुरुवात करू.

स्टेप १: नियम बघा, आणि कुठला शार्क कुठला ते ओळखायला शिका

हे कंटाळवाणं आहे पण यात सूट नाही. प्रत्येक देशात, कधीकधी प्रत्येक किनाऱ्यावर नियम वेगळे. उदाहरण म्हणून फ्लोरिडाचं बघा, तिथे किनाऱ्यावरून शार्क पकडायचा तर १ जुलै २०१९ पासून वेगळं परमिट लागतं, फुकट मिळतं पण त्याआधी ऑनलाइन कोर्स करावा लागतो. किनाऱ्यावरून पाण्यात रक्त-मांस ओतून शार्क बोलवायला बंदी, नैसर्गिक आमिष असेल तर स्टेनलेस नसलेला सर्कल हूकच (टोक आत वळलेला गळ), गळ किंवा लीडर कापायचं हत्यार जवळ असलंच पाहिजे, आणि संरक्षित जातीचा शार्क लागला तर त्याचे कल्ले पाण्यातच राहिले पाहिजेत. तुमच्या किनाऱ्यावर यातलं काहीच लागू नसेल तरी ही यादी पाठ करून ठेवा, कारण यातला प्रत्येक नियम कुणीतरी केलेल्या चुकीतूनच आलाय.

काही जातींना हातच लावायचा नसतो. भारतात व्हेल शार्क २००१ पासून वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे. हॅमरहेडपैकी ग्रेट आणि स्कॅलप्ड या दोन जाती तर आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून आहेत. मुळात शार्क हे काही तारली-बांगड्यासारखं लाखोंनी अंडी घालणारं प्रकरण नाही. ब्लॅकटिप शार्कची मादी साधारण वर्षभर पोटात पिल्लं वाढवते आणि देते किती, तर चार-सहा, तेही बहुतेक वर्षाआड. म्हणजे एक मोठी मादी मेली तर तो खड्डा भरायला किती वर्षं जातील ते तुम्हीच मोजा.

ओळखायचं कसं? डोकं हातोड्यासारखं असेल तर हॅमरहेड, हे सांगायला नको. अंगावर पट्टे आणि तोंड बोथट तर टायगर. पाठीवरचे दोन्ही पर जवळजवळ सारख्याच उंचीचे आणि अंगाला पिवळट झाक असेल तर लेमन शार्क असण्याची शक्यता. परांची टोकं काळी असली की लोक लगेच ब्लॅकटिप म्हणून मोकळे होतात, पण स्पिनर शार्कचीही टोकं काळीच असतात, त्यामुळे तिथे गडबड होते. दोन पाठीच्या परांच्या मधे कातडीची एक उंच रेघ आहे का ते बोटाने बघायची सवय लावा, सँडबार आणि डस्की या जाती त्यावरून वेगळ्या काढता येतात. आणि कळलंच नाही कुठला आहे तर? संरक्षित आहे असं धरून चाला आणि सोडा. सोपं आहे.

स्टेप २: सोडायचं सामान

रील घ्यायच्या आधी हे घ्या, खरंच.

सगळ्यात वर बोल्ट कटर. छोटा पक्कडसारखा नाही, दोन हातांनी दाबायचा, आणि दुकानातून आणल्यावर घरी बसून तुमच्याच साइझचा एक गळ त्याने कापून बघा. नवीन पोरं हे करत नाहीत आणि मग किनाऱ्यावर कळतं की कटर तारेसाठी चालतो पण जाड गळावर नुसती खूण पडते. एक गळ वाया गेला तर गेला.

मग लांब दांड्याचा डीहूकर, म्हणजे गळ काढायची सळई, हात तोंडापासून फूटभर तरी लांब राहतो. हेडलॅम्प, एक डोक्याला आणि एक खिशात, कारण पहिला कधी बंद पडेल सांगता येत नाही. कासवं अंडी घालतात अशा किनाऱ्यावर पांढरा झगझगीत उजेड मारू नका, लाल दिवा वापरा. जाड हातमोजे. शेपटीला टाकायला मऊ दोरीचा फास, पण तो मोठ्या शार्कसाठी, आपल्याला सुरुवातीला गरज नाही पडणार.

प्रथमोपचाराच्या डब्यात नुसतं बँडेड टाकून भागणार नाही. जखमेवर जोरात दाबायला जाड पट्ट्या आणि एक टुर्निके, म्हणजे रक्त थांबवायला हातापायाला आवळायचा पट्टा, आणि तो कसा बांधायचा ते आधी शिकून घ्या, व्हिडिओ बघून तिथेच शिकू म्हणाल तर हात रक्ताने निसरडे असताना काहीच सुचत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं सामान म्हणजे दुसरा माणूस. एकट्याने जायचं नाही, बस. एकाने रॉड धरायचा, दुसऱ्याने लीडर आणि कटर. कोण काय करणार हे गळ टाकायच्या आधीच बोलून घ्या, शार्क आल्यावर "अरे तू धर ना, नाही तू धर" हे चालत नाही.

हे सगळं बॅगेत नाही ठेवायचं. बादलीत किंवा कमरेला, पाण्यापासून पाच पावलांवर. का ते वर सांगितलंच.

स्टेप ३: रॉड, रील, लाइन

इथे लोक तासन्तास बोलतात, मी पटकन उरकतो. दहा ते बारा फुटांचा सर्फ रॉड, १५०-२०० ग्रॅम वजन फेकू शकेल असा. ८००० ते १०००० साइझची स्पिनिंग रील, जिच्यात ५० ते ६५ पौंड ताण सोसणारी ब्रेड, म्हणजे विणलेली लाइन, किमान ३०० मीटर मावते. त्यापुढे १० मीटरभर जाड नायलॉन, ८० पौंडांचं वगैरे, त्याला शॉक लीडर म्हणतात. हे कशासाठी, तर वजन जोरात फेकताना सगळा झटका लाइनवर येतो, आणि नुसती ब्रेड असली की ती तुटून शिसं गोळीसारखं सुटतं, आजूबाजूला कुणी उभा असेल तर विचार करा. जुना हिशोब असा आहे की शिशाच्या दर औंसामागे शॉक लीडर १० पौंड, म्हणजे सहा औंस, साधारण १७० ग्रॅमला ६० पौंड, वर आमिषाचं वजन धरून थोडं जास्तच ठेवायचं.

हलक्या सामानावर मोठा मासा मारला की लोक टाळ्या देतात, शार्कच्या बाबतीत हे मला अजिबात पटत नाही. सामान हलकं म्हणजे झुंज लांबते, झुंज लांबली की शार्कच्या स्नायूंत लॅक्टिक अॅसिड साठत जातं, आणि मग तुम्ही सोडता, तो पोहत जातो, तुम्ही खूश, आणि तासाभराने तो खाली तळाला मरून पडतो. हॅमरहेड यात सगळ्यात नाजूक, ब्लॅकटिपही फार टणक नाही. त्यामुळे सामान लागेल त्यापेक्षा थोडं भारीच घ्या.

ड्रॅग, म्हणजे किती ताणाला लाइन सुटायला लागेल तो रीलचा ब्रेक, लावायचा तो हाताच्या अंदाजाने नाही. ताणकाटा घ्या, लाइनला अडकवा, ओढा. लाइनच्या ताकदीच्या पाव भागाला ड्रॅग सुटला पाहिजे, म्हणजे ५० पौंडांच्या लाइनला साडेपाच-सहा किलोच्या आसपास. ऐकायला कमी वाटतं, एकदा रॉड धरून उभे राहा मग कळेल.

स्टेप ४: लीडर, म्हणजे खरी कारागिरी

नव्वद टक्के लोक इथे शार्क घालवतात, आकडा माझ्या मनाचा आहे पण फार चुकीचा नसावा. सगळ्यांना माहीत असतं की शार्कला दात आहेत म्हणून तार लावायची. पण शार्कची कातडी विसरतात. कातडीवर दातांसारखेच बारीक खवले असतात, डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला की पॉलिश पेपर. शार्क वळला, गिरकी घेतली की लाइन त्याच्या अंगावर घासते, शेपटीचा फटका बसतो, आणि ब्रेड तर अशी जाते की आपल्याला झटकाही जाणवत नाही, नुसती लाइन हलकी होते.

म्हणून लीडर दोन भागांचा. गळाजवळ ४५ ते ६० सेंटीमीटर तार, दातांसाठी. तिच्यापुढे स्विव्हल, म्हणजे गोल फिरणारी कडी, आणि मग दीड मीटरभर २०० पौंडांचं जाड नायलॉन, कातडीसाठी. मोठ्या शार्कला हा दुसरा भाग शार्कच्या लांबीपेक्षा जास्त ठेवतात, पण तेवढा लांब लीडर फेकता येत नाही, ते लोक आमिष कायाकमधून, म्हणजे छोट्या वल्ह्याच्या होडीतून, आत नेऊन टाकतात. आपण फेकणार आहोत.

जाड नायलॉनला गाठ नीट बसत नाही, तिथे क्रिम्प स्लीव्ह, म्हणजे दाबून बसवायची धातूची बारीक नळी, वापरायची. स्लीव्ह लाइनच्या जाडीला मापात हवी आणि दाबायला क्रिम्पिंगचा पक्कड हवा, घरातला साधा पक्कड किंवा हातोडी नाही, त्याने स्लीव्ह चपटी होते आणि कडेने नायलॉनच कापतं. दाबताना स्लीव्हची दोन्ही टोकं थोडी मोकळी ठेवायची, फुलाच्या पाकळीसारखी किंचित उघडी. आणि नायलॉनचं कापलेलं टोक लायटरने हलकं वितळवून गोळी करायची म्हणजे सरकून निघत नाही. झालं की लूप दाराच्या कडीला अडकवा, दुसरं टोक हातमोजे घालून जीव लावून ओढा. सुटायचं असेल तर तिथे सुटू दे.

गळ सर्कल हूक, ८/० ते १२/०, स्टेनलेस नको. स्टेनलेस का नको, तर गळ आत राहिलाच तर साधा पोलादी गळ गंजून कधीतरी निघतो, स्टेनलेस फार काळ तसाच राहतो. टोक आत वळलेलं आणि गळ सपाट असावा, टेबलावर ठेवला की पूर्ण टेकला पाहिजे, तिरका पिळलेला नको. आणि उलटा काटा पक्कडीने दाबून टाका. शार्क सुटेल ना, असं सगळे म्हणतात. लाइन ताणलेली असेल तर नाही सुटत, आणि काढताना तुमचे दोन मिनिटं वाचतात. हाच गळ कधी तुमच्या बोटात गेला तर मला मनातल्या मनात धन्यवाद द्याल.

शिसं तारेच्या पायांचं घ्या, कोळ्यासारखं दिसतं ते, वाळूत रुतून बसतं. ते सरकत्या क्लिपवर हवं म्हणजे शार्कने आमिष उचललं की त्याला वजन लगेच जाणवत नाही.

स्टेप ५: आमिष

ताजं. फ्रीजरमधे चार महिने पडलेलं, परत वितळवून गोठवलेलं पिळपिळीत आमिष खेकड्यांना आवडतं. त्या पाण्यात जो मासा फिरतोय तोच द्या, बोय असेल तर बोय, बांगडा असेल तर बांगडा. तेलकट आणि रक्ताळ मासा चांगला कारण शार्क वासाच्या मागावर येतो, आणि अगदी जवळ आल्यावर त्याच्या नाकाडावरची बारीक छिद्रं, ज्यांना लॉरेंझिनीची पिशवी वगैरे म्हणतात, जिवंत प्राण्याच्या अंगातली सूक्ष्म वीज टिपतात.

मुठीएवढा तुकडा पुरे. डोक्याचा भाग सगळ्यात छान, कारण टणक असतो, फेकताना निसटत नाही आणि खेकडे लगेच फस्त करत नाहीत. शेपूट कापून टाका नाहीतर आमिष पाण्यात भोवऱ्यासारखं फिरतं आणि लीडरला पीळ बसतो. गळ एकदाच आरपार काढायचा, कडेच्या टणक भागातून. नवीन माणूस गळ मांसात लपवतो, शार्कला दिसू नये म्हणून, आणि तिथेच घोटाळा होतो, सर्कल हूकचं टोक आणि तो वाकडा भाग उघडा राहिलाच पाहिजे, तोच तर जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. टोक मांसात बुडालं की गळ नुसता बाहेर येणार.

अर्ध्या-पाऊण तासाने ओढून बघायचं. पांढरं पडलेलं, वास गेलेलं आमिष म्हणजे नुसतं शिसं भिजत घातल्यासारखं.

स्टेप ६: किनारा वाचायचा

पुळण सगळी सारखी दिसते, पण नसते. ओहोटीला एकदा जाऊन नुसतं बघून या, रॉड न घेता. लाटा लांब कुठेतरी फुटतात ती वाळूची दांडी, मग मधे पाणी शांत आणि गडद दिसतं तो खोलगट पट्टा, मग परत काठाजवळ फुटतात. बारके मासे त्या खोलगट पट्ट्यात फिरतात आणि त्यांच्यामागे शार्क. दांडीला जिथे खिंड असते, म्हणजे लाटा फुटत नाहीत आणि पाणी बाहेर ओढलं जाताना दिसतं, ते त्यांचं येण्याजाण्याचं दार. आणि हीच ती ओढीची जागा, पोहणाऱ्यांना बुडवणारी, तेव्हा स्वतः तिथे पाण्यात शिरायचं नाही.

नवे लोक जीव तोडून लांब फेकतात. बरेचदा शार्क तुमच्या आमिषाच्या आणि तुमच्या मधून फिरत असतो. तीस-चाळीस मीटरवर तो खोलगट पट्टा असेल तर तिथेच टाका. दोन रॉड असतील तर एक लांब, एक जवळ, आणि कुठला वाजतो त्यावरून शिका.

वेळ म्हणाल तर संध्याकाळ ते पहाट, पाणी वाहतं असताना. भरती चढताना किंवा उतरायला लागल्यावर, अगदी थांबलेल्या पाण्यात सहसा काही होत नाही. उधाणाच्या दिवसांत पाणी जास्त हलतं, भांगाच्या दिवसांत कमी, पण उधाणाला ओढही जोरात असते आणि शेवाळ लाइनवर इतकं अडकतं की वैताग येतो, म्हणून शिकायला मधले दिवस बरे.

जिथे लोक पोहतात तिथे अजिबात नाही. दिवसा तर नाहीच, आणि रात्री रिकामा दिसणारा किनाराही सकाळी कुणाचा आहे ते बघा. आकाशात गडगडायला लागलं की गाशा गुंडाळायचा, कार्बनचा बारा फुटी रॉड म्हणजे विजेची तारच आहे.

स्टेप ७: टाकणे आणि वाट बघणे

मागे बघा, बाजूला बघा, मग फेका. ब्रेडवर बोट असेल तर बोटाला चामड्याची टोपी. एकदा मी आळस केला, ओली ब्रेड तर्जनीवरून अशी गेली की आधी दुखलंच नाही, पांढरी रेघ दिसली आणि मग ती हळूहळू लाल झाली. आणि लाइन हाताला गुंडाळायची नाही, कधीच नाही, अडकलेला गळ सोडवायला ओढायचं असेल तरी नाही, लाकडाला गुंडाळा आणि मागे चालत जा.

रॉड ठेवायला पाइप, चार-पाच फुटांचा, त्यातला दीड-दोन फूट वाळूत गेला पाहिजे, ओल्या वाळूत. आणि रीलचा ड्रॅग सैल ठेवा किंवा बेटरनर, म्हणजे लाइन सहज सुटू देणारी रीलची कळ, चालू ठेवा. घट्ट ड्रॅगवर रॉड सोडून गप्पा मारत बसलेल्यांचे रॉड समुद्रात जाताना मी पाहिलेत, पाइपासकट.

स्टेप ८: लागला!

आधी टोक दोनदा हलतं, मग थांबतं. खेकडा? कॅटफिश? आणि मग क्लिकर, म्हणजे लाइन सुटताना वाजणारा रीलचा खटका, किर्रर्र करून एकसारखा सुटतो, थांबतच नाही. हा आवाज एकदा ऐकला की मग कळतं लोक रात्र-रात्र का बसतात.

आता सगळ्यात अवघड काम, काही करायचं नाही. झटका मारायचा नाही. सगळ्या जन्माची सवय झटका मारायची असते, पण सर्कल हूकला झटका मारला तर तोंडातून सरळ बाहेर. तीन-चार सेकंद जाऊ द्या, रॉड पाण्याच्या दिशेने खाली, ड्रॅग लावा आणि नुसती रील फिरवत लाइन घट्ट होऊ द्या. गळ घशाकडून सरकत येतो आणि जबड्याच्या कोपऱ्यात वळून बसतो. फार वेळ पळू दिलं तर मात्र गिळतो, म्हणून दहा-वीस सेकंद मोजत बसू नका.

मग त्याला पळू द्या, पळताना रील फिरवायची नाही, थांबला की रॉड उचला, खाली आणताना गुंडाळा. तो काठाला समांतर पळाला तर तुम्हीही चालत जा. अचानक लाइन ढिली पडली तर "गेला" म्हणून रॉड टाकू नका, बहुतेक वेळा तो तुमच्याच दिशेने येत असतो, वेड्यासारखी रील फिरवा. ब्लॅकटिप, स्पिनर पाण्याबाहेर उडीही मारतात, गिरक्या घेत, तेव्हा रॉड थोडा पुढे झुकवा. झुंज चालू असताना पाण्यात घोट्यापेक्षा जास्त शिरायचं नाही, आणि शिरलात तर पाय उचलून टाकू नका, वाळूवर घासत न्या, पाकट असेल तर धक्का लागून बाजूला जातं. त्याचा काटा बसलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय तासभर बुडवायचा आणि डॉक्टर गाठायचा.

स्टेप ९: काठावरची पाच मिनिटं

शार्क शेवटच्या लाटेत आला की घाईने ओढू नका. लाट आत येते तेव्हा तिच्यासोबत आणा, परत जाते तेव्हा नुसतं धरून ठेवा. साथीदाराने हातमोज्याने लीडर धरायचा, परत सांगतो, गुंडाळायचा नाही, नुसता मुठीत, म्हणजे गरज पडली तर सोडता येतो. रॉडवाल्याने लगेच ड्रॅग सैल करायचा.

थांबायचं नडगीएवढ्या पाण्यात. कोरड्या वाळूवर नाही. शार्कला आपल्यासारखा बरगड्यांचा पिंजरा नसतो, पाण्यात त्याचं अंग पाणीच उचलून धरतं, बाहेर काढलं की आतले अवयव त्याच्याच वजनाखाली चेपतात. शेपटीला धरून उलटा लटकवून फोटो काढणारे लोक त्याच्या पाठीच्या मणक्यांचं काय करतात ते त्यांना माहीत नसतं. आणि बऱ्याच जातींना कल्ल्यांतून पाणी वाहतं राहायलाच लागतं, वाळूत प्रत्येक सेकंद श्वास रोखल्यासारखा जातो. गॅफ, म्हणजे ते टोकदार हूक, सोबत आणूच नका.

उभं राहायचं ते डोक्याच्या मागे, कुशीच्या बाजूला, तोंडासमोर किंवा शेपटीच्या टप्प्यात नाही. लहान शार्कची नुसती शेपटी धरायची चूक सगळे करतात, तो कमानीसारखा वळतो आणि स्वतःच्या शेपटीपर्यंत तोंड आणतो, म्हणजे तुमच्या मनगटापर्यंत. एक हात शेपटीच्या बुंध्याला, दुसरा पुढच्या परांच्या मागे, हलकं दाबून, कल्ल्यांपासून लांब. काही जण उलटा करतात, पोट वर, मग तो सुन्न पडतो. पडतो खरा, पण सुटतानाही तसाच बधिर असतो, म्हणून मी करत नाही.

गळ जबड्याच्या कोपऱ्यात दिसतोय आणि काटा दाबलेला आहे तर डीहूकरने एक उलटा झटका, निघतो. नाही निघाला तर कटरने गळच कापा, दोन तुकडे आपोआप सुटतात. गळ आत घशात असेल तर शोधत बसायचं नाही, तार तोंडाच्या जमेल तेवढं जवळ कापायची आणि सोडायचं. हॅमरहेड असेल तर ओळखल्याक्षणी कापा, फोटोबिटो काही नाही. मेल्यासारखा दिसतोय म्हणून तोंडात बोट घालू नका, मेलेल्या शार्कचा जबडाही मिटतो.

फोटो काढायचाच असेल तर एक, गळ निघत असताना, पाण्यातच. मोजायचं असेल तर दोरी अंगासमांतर धरून गाठ मारा, ती नंतर मोजा.

मग त्याचं तोंड समुद्राकडे करा आणि खोल पाण्यात चालवत न्या, म्हणजे मांडीएवढ्या, त्यापुढे नाही. पुढेच न्यायचं, पुढे-मागे हलवायचं नाही, मागे ओढलं की कल्ल्यांत पाणी उलटं जातं. काही जण सोडताच भर्रकन जातात, काही पाच मिनिटं घेतात. शेपटी हातात ताठ व्हायला लागली, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे ढकललं की सोडा, आणि स्वतः बाजूला सरका, मागे नाही. तो परत वळून काठाला आला, किंवा कुशीवर पडला, तर परत धरून तेच करा. तेवढ्यात दुसऱ्या रॉडवर क्लिकर वाजेल, हा नेहमी वाजतो, तो साथीदाराने बघायचा.

आता लगेच परत फेकू नका. बसा, हेडलॅम्प लावा, आणि नायलॉनचा लीडर अंगठा आणि बोटात धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवा. जिथे खरखरीत लागेल, नखाला अडकेल, धुरकट पांढरं दिसेल, तिथे तो शार्क घासून गेलाय. तो तुकडा कापून नवीन बांधा. तारेला बारीक वाक पडला असेल तर तारही बदला. कटर परत बादलीत, पहिल्या जागी, मग आमिष लावा.